वर कच्चा, खाली कोळसा

पहिल्या पिझ्झ्याची खालची बाजू मी सुरीनं खरवडत होतो, आणि वरचं चीज अजून किसाच्या रूपातच होतं. पिशवीतून निघाला तसा एकेक कीस वेगळा ओळखू येत होता. खरवडून निघालेली काळी पूड ताटलीच्या कडेला लावली. मध्ये जे उरलं ते ना भाजलेलं ना कच्चं, नुसतं ओलसर आणि चिवट. लेकीनं ताटली नाकापर्यंत नेली, परत खाली ठेवली आणि विचारलं, "बाबा, घरात दूध आहे ना? मी सिरियल खाते."

मे महिन्याचा शेवटचा सोमवार होता, मेमोरियल डे. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या श्रूजबरी गावात त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक परसातून धूर निघतो. थंडीभर कव्हराखाली पडून असलेली ग्रिलं बाहेर ओढली जातात, तारेच्या ब्रशनं जाळ्या घासल्या जातात, आणि सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत मग स्वयंपाक असा बाहेरच. आमचं ग्रिल गॅसवरचं, तीन बर्नरचं. आजवर त्यावर कणसं भाजली, पनीर भाजलं, आणि सगळ्यात जमलेलं काम म्हणजे भरताची वांगी. वांग्याच्या बाबतीत हे ग्रिल कधी चुकलं नाही. त्याच विश्वासावर मी पिझ्झा करायला गेलो.

खूळ डोक्यात शिरलं ते एप्रिलमध्ये. लेकीच्या सुट्टीत आम्ही कनेटिकटात न्यू हेवनला गेलो होतो. तिथल्या वूस्टर स्ट्रीटवर फ्रँक पेपे यांचं दुकान १९२५ पासून आहे. भट्टी दगडी कोळशाची. न्यू हेवनवाले पिझ्झ्याला 'अपिझ्झा' म्हणतात आणि त्याचा उच्चार 'अबीट्स' असा काहीतरी करतात. ही दक्षिण इटलीतून आलेल्या लोकांची जुनी बोली. पिझ्झा आला तो ताटाबाहेर गेलेला, वेडावाकडा, कडेला चक्क काळे डाग. शेजारच्या टेबलावरच्या एका देशी कुटुंबानं वेटरला बोलावून "हा जळलाय" म्हणून दाखवला. वेटर हसला, त्यानं पिझ्झा काही नेला नाही. तो डाग म्हणजे चव, हे मला पहिल्या घासाला कळलं. हुरड्याच्या कणसाला काळे दाणे नसतील तर तो हुरडा कसला!

परतीच्या वाटेवर लेक म्हणाली, असा आपण घरी करू. घरातला ओव्हन जास्तीत जास्त ५५० अंश फॅरनहाइटला जातो, म्हणजे २८८ सेल्सिअस. इटलीतल्या नेपल्सची लाकडाची भट्टी साडेचारशे सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिथं पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर येतो. शिवाय आमच्या ओव्हनला पूर्ण आच दिली की तळाशी सांडलेलं काहीतरी जळतं आणि धुराचा अलार्म किंचाळतो. मग टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचायचं काम माझं. म्हणून ग्रिल. बाहेर मोकळं, अलार्म नाही, झाकणावरचा काटा सहाशेकडे झुकतो. हिशेब कागदावर तरी बिनतोड होता.

कणकेबद्दल आधी सांगतो, कारण ती मात्र पहिल्या दिवसापासून जमली. पाचशे ग्रॅम पीठ, ३२५ ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ आणि दीड ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. यीस्ट म्हणजे जेमतेम अर्धा छोटा चमचा. इतकंसं यीस्ट बघून बायकोनं "एवढ्यानं काय होणार?" म्हटलं होतं. होतं. फक्त वेळ द्यावा लागतो. शनिवारी संध्याकाळी खायचं तर गुरुवारी रात्री कणीक भिजवायची. पीठ आणि पाणी नुसतं एकत्र करून वीस मिनिटं झाकून ठेवलं की अर्धं मळणं आपोआप होतं. पोळ्यांची कणीक मुरायला ठेवतो त्यातलाच प्रकार. मग आठ-दहा मिनिटं मळायची. पहिली तीन मिनिटं ती हाताला, ओट्याला, नळाला, सगळ्याला चिकटते. त्या तीन मिनिटांत कोरडं पीठ घालायचा मोह होतो. घातलं की पिझ्झ्याची भाकरी झालीच म्हणून समजा. हात ओला करून मळत राहिलं की एका क्षणी तिचं चिकटणं थांबतं, ती तुकतुकीत होते, आणि छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणला तर फाटण्याआधी पडद्यासारखा पातळ होतो. पलीकडचा दिवा दिसतो त्यातून.

त्याचे तीन उंडे. प्रत्येकी २८० ग्रॅमच्या आतबाहेर. तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात, आणि डबे दोन दिवस फ्रिजमध्ये. फ्रिजच्या गारव्यात यीस्ट रेंगाळत काम करतं आणि तेवढ्यात कणकेला जी किंचित आंबूस चव येते, ती तासाभरात फुगवलेल्या कणकेला येत नाही. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवतो ते उगाच नाही. भाजायच्या आधी दोन तास डबे बाहेर काढायचे. गार कणीक रबरासारखी वागते, ताणाल तितकी मागे येते.

ताणायला लाटणं घ्यायचं नाही. हे सांगूनही बायकोचा हात दोनदा आपसूक पोळपाटाकडे गेला. लाटण्यानं दोन दिवसांत जमलेले सगळे बुडबुडे पिळून निघतात. बोटांच्या पेरांनी मधून कडेकडे दाबत जायचं, काठाचं बोटभर सोडून. मग दोन्ही मुठींवर घेऊन फिरवायचं. हवेत उडवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. पहिल्याच वेळी काठ खिडकीच्या पडद्याला लागला, त्यानंतर तो विषय घरात निघत नाही.

तर कणीक ठीक होती, मग बिघडलं काय? मी ग्रिलवर पिझ्झ्याची फरशी ठेवली होती. कॉर्डिएराइट नावाच्या धग सोसणाऱ्या खनिजाची, पंधरा इंची गोल, मातीची भांडी भाजायच्या भट्टीतल्या फळ्यांना वापरतात त्या जातीची. तिन्ही बर्नर पूर्ण, झाकण बंद, पाऊण तास. झाकणावरचा काटा ५२५ दाखवत होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाकडून लेझरवाला तापमापक आणला, तोच खेळ पुन्हा केला आणि फरशीवर लाल ठिपका टाकला. ७२० अंश! म्हणजे ३८२ सेल्सिअस. काटा झाकणाजवळच्या हवेचा आकडा सांगत होता आणि फरशी मात्र थेट ज्वाळेवर बसली होती. पिझ्झा टाकायला झाकण उघडलं की ती वरची हवा भस्सकन निघून जाते. पत्र्याच्या झाकणाला विटांच्या घुमटासारखी धग धरता येत नाही. भट्टीत चीज वितळतं ते डोक्यावरच्या तापलेल्या विटांमुळे. माझ्या पिझ्झ्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

हे कळलं म्हणून मी सुधारलो असं नाही. मी पीठ बदललं.

आता हसू येतं, पण तेव्हा ठाम खात्री होती की खरी चूक पिठाची आहे. घरात किंग आर्थरचं ब्रेड फ्लोअर होतं, १२.७ टक्के प्रथिनांचं. मी नेपल्सहून येणारं '००' म्हणजे अगदी बारीक दळलेलं पीठ मागवलं, दुपटीहून जास्त पैसे देऊन. पीठ काय सुरेख, टाल्कम पावडरसारखं मऊ. आच कमी ठेवली, म्हणजे खालून करपायला नको. पिझ्झा बारा मिनिटं आत राहिला आणि बाहेर आला तो पांढराफटक. काठ टणक, रंग उकडीच्या मोदकाचा. मागाहून कळलं ते असं की अमेरिकन ब्रेड फ्लोअरमध्ये थोडं माल्ट केलेल्या बार्लीचं पीठ असतं, त्यामुळे कणकेत साखर तयार होते आणि बेताच्या आचेवरही तांबूस रंग चढतो. '००'मध्ये सहसा ते नसतं, कारण ते दीड मिनिटाच्या भट्टीसाठी दळलेलं असतं. तिथं माल्ट असतं तर पिझ्झा जळून गेला असता. म्हणजे महागाचं पीठ माझ्या ग्रिलवर जास्त वाईट होतं. उरलेलं पीठ बायकोनं शंकरपाळ्यांत संपवलं. शंकरपाळे मात्र असे खुसखुशीत की विचारू नका.

त्याच आठवड्यात फरशीही गेली. सॉस सांडून डाग पडले होते म्हणून मी ती चक्क साबणानं घासून, पाण्याखाली धुऊन, तासाभरात पुन्हा ग्रिलवर ठेवली. सच्छिद्र दगड तो, पाणी पिऊन बसलेला. दहाव्या मिनिटाला टण् असा आवाज आला आणि झाकण उघडून बघतो तर बरोब्बर मधून दोन अर्धचंद्र. आईला सांगलीला फोन लावला होता, तिनं तो आवाज ऐकला. "काय फुटलं रे?" सांगितलं. ती म्हणाली, "मग विकत का नाही आणत मेल्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कुंपणापलीकडे ऐंशीच्या घरातले एक आजोबा राहतात. आजोबा हे आमचं घरातलं नाव, तोंडावर आम्ही त्यांना पहिल्या नावानंच हाक मारतो, आणि ते मला 'किड' म्हणतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला पोरगा म्हणणारा आता तो एकच माणूस. ते ऱ्होड आयलंडच्या क्रॅन्स्टनचे, आयुष्यभर प्लंबिंग केलेले, आजी-आजोबा इटलीतून आलेले. तीन शनिवार ते त्यांच्या खुर्चीतून माझा तमाशा बघत होते. फरशी फुटली त्या संध्याकाळी कुंपणाशी आले. पहिलं वाक्य पिझ्झ्याबद्दल नव्हतंच. "ग्रिल भिंतीपासून लांब घे, तुझी सायडिंग वितळतेय." खरंच, घराच्या भिंतीवरच्या व्हायनलच्या पट्ट्या एका जागी लाटेसारख्या वाकल्या होत्या. त्या अजूनही तशाच आहेत, आल्यागेल्याला दाखवायला.

मग ते म्हणाले, "दगड कशाला हवा? जाळी आहे ना."

मला वाटलं गंमत करतायत. मऊ कणीक जाळीवर टाकली तर खाली ओघळून बर्नरवर पडेल. पण ते गंभीर होते. प्रॉव्हिडन्समध्ये, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, अल फोर्नो नावाचं रेस्तराँ आहे. जोहान किलीन आणि जॉर्ज जर्मन या जोडप्यानं ते १९८० साली काढलं. दोघंही तिथल्या डिझाइन स्कूलचे, म्हणजे शिकलेले कलाकार. निखाऱ्यांवर थेट जाळीवर भाजलेला पिझ्झा अमेरिकेत नावारूपाला आला तो त्यांच्यामुळे. आजोबांनी तिथं बायकोचा साठावा वाढदिवस केला होता. "तोवर मला पिझ्झा म्हणजे बेकरीच्या पट्ट्या," ते म्हणाले. ऱ्होड आयलंडमध्ये बेकऱ्यांत चौकोनी पट्ट्या मिळतात, नुसता टोमॅटो, चीज नाही, आणि गारच खायच्या. एकदा त्यांनी आणून दिल्या. मला त्या शिळ्या पावावर सॉस लावल्यासारख्या लागल्या. हे त्यांना सांगितलेलं नाही.

पुढच्या शनिवारी ते स्वतः उभे राहिले, हातात चिमटा घेऊन. कणकेत या वेळी दहा ग्रॅम ऑलिव्ह तेल घातलं होतं. उंडा पिठावर ताणायचा नाही, तेल लावलेल्या उपड्या ट्रेवर ताणायचा, हाताला लागेल तसा, गोल नाही झाला तरी चालतं. पिझ्झा लंबगोल झाला तर त्यांना उलट आनंद. ग्रिलचे दोन भाग केले. डावीकडचा आणि मधला बर्नर पूर्ण, उजवीकडचा अगदी मंद. जाळी घासून तेलाच्या फडक्यानं पुसली. मग ट्रे उभा धरून ती कणीक त्यांनी जाळीवर अशी अलगद सोडली, जशी ओली साडी दोरीवर टाकावी.

आणि ती ओघळली नाही. तापलेल्या लोखंडाला लागल्या क्षणी खालचा पापुद्रा धरला. अर्ध्या मिनिटात वरती फोड यायला लागले, एक, दोन, मग पाच-सहा. एक फोड अंड्याएवढा झाला. आजोबा चिमट्यानं काठ उचलून खाली बघत होते. "बघ. पट्टे तपकिरी, मध्ये पिवळसर. आता." दीड मिनिटही झालं नव्हतं. त्यांनी ती कणीक उचलली, उलटी करून मंद बाजूला टाकली. भाजलेली बाजू वर आली. सगळी मेख इथं आहे. वरची बाजू आधीच शिजलेली, त्यामुळे वरून येणाऱ्या धगीची गरजच निम्म्यावर आली. टॉपिंगला फक्त गरम व्हायचंय आणि चीजला वितळायचंय, तेवढं झाकणाखालच्या हवेला जमतं.

पण उलटल्यापासून तुमच्याकडे चार मिनिटं असतात. तेवढ्यात सगळं वर पडायला हवं. तेल तापल्यावर कढीपत्ता शोधायला अंगणात जाणाऱ्यांनी हा प्रकार करू नये. वाट्या रांगेनं मांडल्या होत्या. आधी तेलाचा हात, मग चीज, आणि मग टोमॅटो. नेहमीच्या उलट क्रमानं, कारण ओला सॉस थेट कणकेवर पसरला तर ती भिजते. टोमॅटो पसरायचा नाहीच, चमच्यानं ठिकठिकाणी ठिपके टाकायचे. २८ औंसांचा, म्हणजे ७९४ ग्रॅमचा डबा फोडून टोमॅटो हातानं कुस्करले होते, चाळणीत पाणी निथळू दिलं होतं, मीठ घातलं होतं. शिजवणं नाही, मसाला नाही. झाकण लावलं. तीन मिनिटं. उघडलं तर चीज उकळत होतं.

आम्ही तो उभ्या उभ्याच खाल्ला, ट्रेवरून. खाली जाळीचे काळे पट्टे, काठ कुरकुरीत, आत मऊ, आणि मध्येच तो अंड्याएवढा फुगा, त्याचा माथा जळलेला. लेकीनं तोच आधी तोडून घेतला. बायको म्हणाली, "ही तर निखाऱ्यावर टाकलेली भाकरी." मला स्वतःला पापड आठवला. आजोबांनी दोन घास खाल्ले, "मीठ कमी आहे" म्हणाले आणि घरी गेले.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मला न्यू हेवनचा तो पिझ्झा हवा होता, एका अंगानं भाजलेला, उलटलेला नव्हे. जाळीवरचा पिझ्झा फार छान लागतो, पण त्याचा काठ फुगून उभा राहत नाही, दोन्हीकडून चेपला जातो. हे दुखणं मी जेवताना रोज काढत असे. शेवटी एका रात्री भांडी आवरताना बायको म्हणाली, "अरे, वर विस्तव का नाही ठेवत?"

ती मडगावची. त्यांच्या शेजारी एक मावशी होत्या, नाताळात बेबिंक करायच्या. नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर आणि मैद्याचं पातळ मिश्रण, तुपाचा हात, आणि सात तरी थर, एकावर एक भाजलेले. बेबिंक खालून भाजत नाहीत. एकेका थराला रंग येतो तो वरच्या धगीनं. भांड्यावर पत्रा झाकायचा आणि त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे. खाली आच नावालाच, नाहीतर पहिला थर सातव्याची वाट बघत करपून जाईल. बायको पाच-सहा वर्षांची असताना तासन् तास तिथं बसून असे, निखारे फुंकायचं काम मिळावं म्हणून. ते काम तिला कधीच मिळालं नाही. मी तीन महिने तापमापक घेऊन जे मोजत होतो, ते तिनं फ्रॉकमध्ये असताना बघून ठेवलं होतं. आणि हे जूनमध्ये का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणे, "तू कुठं विचारलंस? तू पीठ मागवत होतास."

गॅसच्या ग्रिलच्या झाकणावर निखारे ठेवता येत नाहीत. पण छत खाली आणता येतं. भट्टीच्या अर्ध्या जाडीच्या विटा आणल्या. दोन विटांवर नवी फरशी, म्हणजे ती ज्वाळेपासून उचलली गेली. तिच्या कडेला चार विटा उभ्या, आणि त्यांवर दुसरी फरशी आडवी. मध्ये चार-साडेचार इंचांची फट. दुसरी फरशी म्हणजे त्या फुटलेल्या फरशीचे दोन अर्धचंद्र, शेजारी शेजारी ठेवलेले. मधला बर्नर बंद, बाजूचे दोन्ही पूर्ण. जाळी सगळी झाकायची नाही, चारी बाजूंनी हवेला वाट हवी. नाहीतर धग खाली कोंडते आणि बर्नरची बटणं मऊ पडतात. एक तास तापवल्यावर खालची फरशी ६१० आणि छत ६४०. खालपेक्षा वर जास्त, हे पहिल्यांदा घडत होतं.

पिझ्झा आत सरकवायला लांब दांड्याचं लाकडी फळकूट लागतं, त्याला इथं पील म्हणतात. त्यावर पिझ्झा चिकटला तर टॉपिंग पुढे जातं आणि कणीक मागे राहते. माझं दोनदा झालं. सगळे रवा भुरभुरवा म्हणतात, पण फरशीवर पडलेला रवा लगेच जळतो आणि पुढच्या पिझ्झ्याला कडू पूड लागते. मी तांदळाचं पीठ घेतलं, घावन-मोदकांसाठी घरात असतंच. ते ओल शोषून चिकट होत नाही आणि जळतंही उशिरा. फळकुटाला एक झटका द्यायचा, पिझ्झा सुटा हलला तर लगेच टाकायचा. हलला नाही तर काठ उचलून खाली फुंकर घालायची.

साडेपाच मिनिटं लागली, मध्ये एकदा अर्धा फिरवून. काठ फुगला, त्यावर बिबट्यासारखे ठिपके. नव्वद सेकंद नव्हेत, आणि नेपल्सच्या माणसानं याला पिझ्झा म्हटलं नसतं. पण चीज आणि तळ एकाच वेळी तयार झाले होते.

दोन्ही पद्धती येतात म्हटल्यावर माणूस जेवायला बोलावणारच. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी बारा जण आले. श्रावण होता. एका जोडप्याला कांदा-लसूण चालत नव्हता, ते बिचारे फोनवर "आम्ही आमचं काहीतरी घेऊन येतो" म्हणत होते. त्यांना सांगितलं, या तसेच. मार्गारिटात लसूण नसतोच मुळी. टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या कुळातली ती बेझिलची पानं, तेल आणि मीठ. अडचण आली ती चीजची. पार्मेजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनंच, म्हणजे दूध थिजवणाऱ्या विरजणानंच करतात, ते बदलता येत नाही, आणि एक काकू अंडंही न खाणाऱ्या. मग दुकानात उभा राहून चीजच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली. मायक्रोबियल म्हणजे प्राण्यापासून न काढलेल्या रेनेटचा मोझरेला घेतला, पाणी कमी असलेला. ताजा मोझरेला आवडत असेल तर त्याचे काप तासभर कागदात गुंडाळून निथळावे लागतात, नाहीतर पिझ्झ्यावर तळं होतं. पनीर टिक्क्याची फर्माईश मी नाकारली. मुरवलेलं ओलं पनीर कणकेचा सत्यानाश करतं. त्याऐवजी जवळच्या शेतावरची ताजी कणसं भाजून दाणे काढले आणि बायकोनं हिरव्या मिरचीचा ठेचा दिला, कमी तिखटाचा. तो मक्याचा पिझ्झा आधी संपला.

मी छताच्या गुहेशी उभा होतो, शर्ट पाठीला चिकटलेला, डास पायांना. सातवा पिझ्झा आत टाकला आणि बर्नरचा आवाज बदलला. भुर्र, फुप्, आणि शांतता.

इथली ग्रिलची टाकी वीस पौंडी, नऊ किलोची. आपल्या लाल सिलिंडरच्या १४.२ किलोपुढे पोरच. आणि अदलाबदलीत मिळते तिच्यात बहुतेक वेळा पंधराच पौंड भरलेले असतात. टाकीवरून गरम पाणी ओतून हात फिरवला तर आत द्रव आहे तिथवर ती गार लागते, हे मला माहीत होतं. सकाळी बघायचं राहिलं. तिथं उभे असलेले आठही पुरुष एकदम गॅसतज्ज्ञ झाले आणि टाकी हलवून बघू लागले.

कुंपणापलीकडून चाकांचा आवाज आला. आजोबा त्यांचं कोळशाचं गोल ग्रिल हिरवळीवरून ढकलत आणत होते, वर पत्र्याचं धुराडं, त्यात कोळसे पेटलेले. आमच्या घरी गर्दी बघून त्यांनी स्वतःसाठी सॉसेज भाजायला ते पेटवलं होतं म्हणे. सॉसेज त्यांच्या खिडकीत ताटलीत तशीच. निखारे एका बाजूला सारले. उरलेले पाच उंडे आम्ही जाळीवर, उलटून, त्यांच्या पद्धतीनं भाजले. अंधार पडला होता, दोघं-तिघं मोबाइलचा उजेड धरून उभे. कोळशाच्या धुराचा वास गॅसला येत नाही, तो त्या पाचांना आला. श्रावण पाळणाऱ्या त्या काकूंनी काळा काठ बोटानं टोकरून बाजूला काढायला घेतला, थांबल्या, आणि तो तोंडात टाकला.

एक उंडा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात राहून गेला होता, पाच दिवसांनी सापडला. डब्याचं झाकण फुगलेलं, वास बिअरचा. मी टाकणार होतो. बायकोनं तो लोखंडी तव्यावर हातानं थापून पसरला, वरून तूप सोडलं आणि दुसरी बाजू सरळ गॅसच्या ज्वाळेवर धरली. अलार्म वाजला. लेक टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचत होती, आणि आम्ही दोघं तव्याजवळ उभे राहून उरलेल्या ठेच्याबरोबर तो संपवला.